जळालेला वाडा पुन्हा उभा करताना: शनिवारवाड्यावरच्या बहुसंवेदी प्रदर्शनाची बांधणी

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतला सागवानी वाडा गेला. आज तटबंदी, बुरूज, पाच दरवाजे, दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना आणि आतली जोती एवढंच शिल्लक आहे. म्हणजे प्रदर्शनात जे दाखवायचं त्यातलं बरंचसं अस्तित्वातच नाही. त्यामुळे नुसत्या फलकांवर आणि छायाचित्रांवर हा वाडा उभा राहत नाही. वास, आवाज आणि स्पर्श घ्यावेच लागतात. पण त्यामुळेच इथे थापा मारणंही फार सोपं आहे. पाहणाऱ्याला पडताळून बघायला समोर काही नसतं आणि अंधारात चंदनाचा वास सोडला की माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

खाली दिलेली मापं आणि प्रमाणं तीन ते चार हजार चौरस फुटांच्या बंदिस्त दालनासाठी आहेत. प्रत्यक्ष वाड्याच्या आवारात हे करू नका. ते केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या कायद्यानुसार तिथे खिळा ठोकायलाही पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे.

आधी पुराव्याचा तक्ता

कामाचे पहिले तीन महिने खरेदीचे नाहीत, कागदांचे आहेत. एका तक्त्यात तीन रकाने करा: काय जाणवायला हवं, त्याला आधार काय, आणि तो आधार कोणत्या दर्जाचा. दर्जे तीनच ठेवा: नोंद, अनुमान, कल्पना. पेशवे दप्तरात किंवा तत्कालीन वर्णनात थेट उल्लेख असेल तर ‘नोंद’. त्याच काळातल्या दुसऱ्या वाड्यात ती गोष्ट दिसते म्हणून इथेही असावी, हे ‘अनुमान’. बाकी सगळं ‘कल्पना’. हाच दर्जा दालनात प्रत्येक वस्तूशेजारी लावायचा आहे. त्यासाठी तीन रंग वापरले तर रंगांधळ्यांची अडचण होते, म्हणून भरीव चौकोन, अर्धा भरलेला चौकोन आणि रिकामा चौकोन अशा खुणा करा. त्या बोटाला कळतील अशा उठावाच्या असल्या तर आणखी चांगलं.

आधार शोधायचा कुठे? पेशवे दप्तर पुणे पुराभिलेखागारात आहे; तिथे मोडी वाचणारा माणूस सोबत नसेल तर गेलात काय, न गेलात काय. भारत इतिहास संशोधक मंडळातले कागद आणि चित्रं पाहावीत. लाकूडकामासाठी विश्रामबागवाडा पाहा: दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेल्या त्या वाड्यात सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि लाकडात कोरलेली केळफुलं अजून डोळ्यांसमोर आहेत. शनिवारवाड्यातही तसेच खांब होते असं म्हणताना खूण मात्र अर्ध्या चौकोनाची लावा. मधे पाऊणशे वर्षं गेली आहेत.

दरबाराचं जे चित्र सगळीकडे छापलं जातं, ते इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलं. प्रसंग पेशवे आणि इंग्रज यांच्यातल्या १७९० च्या तहाचा. ते बऱ्याच अंशी चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांवर आधारलेलं आहे आणि वेल्स पुण्यात आला तो तह होऊन गेल्यावर. तेव्हा पगड्या, बैठका, खांबांची ठेवण यासाठी ते उपयोगी. कोण कुठे बसलं होतं याचा पुरावा म्हणून ते दाखवू नका.

एका दालनात एकच संवेदना पुढे

पहिल्यांदा असं प्रदर्शन मांडणारे बहुतेकजण प्रत्येक खोलीत सगळं घालतात: सनईही, अत्तरही, भिंतीवर हलणारं चित्रही. परिणाम असा की माणूस चित्र बघतो आणि बाकीचं विसरतो. डोळे नेहमीच जिंकतात. म्हणून खोलीगणिक एक संवेदना मुख्य ठेवा आणि उरलेल्या दाबा. एक चालणारा क्रम असा: दिल्ली दरवाजा स्पर्शाचा, नगारखाना आवाजाचा, दिवाणखाना प्रकाशाचा, हजारी कारंजं पाण्याचं, बाग वासाची, आणि शेवटी निरोपाची छोटी खोली. आवाजाच्या आणि वासाच्या खोल्यांमध्ये एक अगदी रिकामी, शांत, बसायला बाक असलेली जागा सोडा. स्वमग्न मुलं, मायग्रेनचे रुग्ण आणि दमलेले आजी-आजोबा तिचाच सर्वांत जास्त वापर करतात.

स्पर्श

दिल्ली दरवाज्याच्या प्रत्येक झडपेवर हत्तीची धडक थोपवण्यासाठी लावलेले टोकदार खिळे आहेत, ७२ प्रत्येकी. पूर्ण दार बनवू नका. एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा, खऱ्या जाडीचा, सागाचा, आणि त्यावर बोथट टोकांचे लोखंडी खिळे. शेजारी हत्तीच्या कपाळाच्या उंचीची खूण. माणसाने हात वर करून ती उंची गाठण्याचा प्रयत्न केला की खिळ्यांचं काम समजावून सांगावं लागत नाही.

साग, दगड, चुना, वीट या चार गोष्टी हाताला द्या. वाड्यासाठी साग जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीच्या पट्ट्यातून आणल्याचं सांगितलं जातं, त्यामुळे हा टेबलच पुणे परिसराचा नकाशा होऊ शकतो. चुन्याची पाटी घाईत केली की फसते. किमान पंधरा दिवस मुरवलेला चुना एक भाग, स्वच्छ चाळलेली वाळू तीन भाग, मिसळताना गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. दोन थर, आणि दोन आठवडे रोज पाणी मारून ओलसर ठेवणं. त्यानंतरही चुना हवेतला कर्बवायू शोषून घट्ट होत राहतो, म्हणून उद्घाटनाच्या आधी निदान दोन महिने पाटी तयार हवी. तसं न केल्यास पांढरी भुकटी लोकांच्या हाताला आणि तिथून काळ्या पडद्यांना लागते. प्रत्येक स्पर्शवस्तूची दुसरी प्रत सुरुवातीलाच करून ठेवा. लाकडाला चकचकीत पॉलिश नको, पातळ जवसाचं तेल पुरे. पॉलिश आधी कडेला उडतं आणि मग सगळं कळकट दिसतं. एक खबरदारी घ्या: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

वाड्याच्या आराखड्याचं हाताने वाचायचं प्रारूप १:२०० च्या आसपास ठेवा, पण भिंतींची उंची दीडपट वाढवा, नाहीतर बोटाला चौक आणि खोली यांतला फरक कळत नाही. टेबलाचा वरचा भाग ७५ ते ८५ सेंटिमीटरवर, खाली व्हीलचेअरवरच्या माणसाच्या गुडघ्यांसाठी ७० सेंटिमीटर मोकळी जागा. मराठी ब्रेल पुढच्या उतरत्या कडेवर असू द्या; उभ्या भिंतीवरचं ब्रेल वाचताना मनगट दुखतं. आणि ब्रेल छापून झाल्यावर वाचून दाखवायला कुणाला बोलावू नका, छापण्याआधी बोलवा. उलटे लावलेले ब्रेल फलक अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं तसेच असतात, कारण डोळस कर्मचाऱ्यांना ते कळतच नाही.

आवाज

नगारखान्यातला चौघडा ठरावीक वेळी वाजणारा. म्हणून तो सतत वाजवू नका. दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं, त्याआधी आणि नंतर शांतता. चौघडा आणि सनई वाजवणारे कलाकार अजून आहेत, तेव्हा तयार ध्वनिफिती गोळा करण्यापेक्षा नवं ध्वनिमुद्रण करा, तेही मोकळ्या जागेत. स्टुडिओत केलेला नगारा बंद खोलीत वाजवला की पोकळ ऐकू येतो, आणि आवाज वाढवला की शेजारच्या दालनात घुसतो.

मागचा आवाज ४५ ते ५० डेसिबल, पुढचा ६५ च्या वर नाही. डोक्यावर टांगायचा घुमटाकार स्पीकर जमिनीपासून सव्वादोन मीटरवर लावला तर आवाज साधारण दोन माणसांच्या वर्तुळात राहतो; छत उंच आणि भिंती दगडी असतील तर मात्र तो फायदा निम्म्यावर येतो आणि भिंतींवर जाड कापूस भरलेल्या गोधड्या, सतरंज्या किंवा ध्वनिशोषक फळ्या लावाव्या लागतात. दालनातल्या पहारेकऱ्याला तोच तुकडा दिवसातून शंभरदा ऐकावा लागला तर तो तिसऱ्या दिवशी स्पीकरची वायर काढतो. त्याचं चुकत नाही. चक्र किमान २५ मिनिटांचं करा आणि त्यात अर्ध्याहून अधिक शांतता ठेवा.

‘काका, मला वाचवा’ची हाक मात्र टाळा. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला हा इतिहास. अमावस्येची हाक ही दंतकथा. ती एकदा वाजली की प्रदर्शनातून बाहेर पडणाऱ्याला दुसरं काहीही आठवत नाही, आणि शाळेच्या सहली फक्त त्यासाठी येऊ लागतात. गर्दी हवी असेल तर तो मार्ग मोकळा आहे, पण मग बाकीचा खर्च कशाला करायचा?

पाणी

हजारी कारंजं हा या वाड्याच्या बागेचा सर्वांत नावाजलेला भाग. सवाई माधवरावांसाठी बांधलेलं, सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचं. ते पंपाविना चालत होतं, हे लोकांना हाताने कळलं पाहिजे. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत भुयारी नळ टाकला गेला, मधे हवा सुटण्यासाठी उच्छ्वास बांधले गेले आणि पाणी निव्वळ उताराने हौदांपर्यंत आलं. कारंजाची उंची ठरते ती पाण्याच्या पातळीतल्या फरकावर.

याचं चालतं प्रारूप असं करा. तोट्यांच्या एक मीटर वर पारदर्शक टाकी. सोळा तोट्या, प्रत्येकी ३ मिलिमीटर भोकाच्या, पाकळ्यांच्या दिशेने किंचित बाहेर झुकलेल्या. टाकी आणि तोट्यांच्या मध्ये दोन पर्यायी नळ: एक आतून २५ मिलिमीटर व्यासाचा, एक १२ मिलिमीटरचा, आणि कोणता उघडायचा ते पाहणाऱ्याच्या हातात. जाड नळावर सोळाही धारा ७० ते ८० सेंटिमीटर उडतात. बारीक नळावर दोन-तीन तोट्या उघडल्या तर ठीक, सगळ्या उघडल्या की धारा मान टाकतात, कारण बारीक नळात पाण्याचा वेग वाढतो आणि दाब नळाच्या घर्षणातच संपतो. नळ केवढ्या व्यासाचा टाकायचा, हा जुन्या कारागिरांपुढचा खरा प्रश्न होता, आणि तो इथे दोन चाव्या फिरवून समजतो.

सोळा तोट्यांना मिनिटाला साधारण २५ लिटर पाणी लागतं. टाकीची पातळी स्थिर ठेवायला खालून वर पाणी चढवणारा पंप लागेलच. तो लपवू नका, ‘हा कात्रजचा डोंगर’ अशी पाटी लावून टाका. पंप तीन मीटर उंचीवर मिनिटाला ४० लिटर देणारा घ्या, जादा पाणी टाकीच्या सांडव्यातून परत. खालच्या हौदाचा व्यास दोन मीटरच्या खाली नको, नाहीतर भोवतीची फरशी ओली होऊन कुणीतरी घसरतं. धारा वाकड्या उडायला लागल्या तर नव्वद टक्के वेळा तोटीत क्षार साचलेले असतात: तोट्या काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा.

दोन गोष्टींत कंजूषी चालणार नाही. कारंजाचे बारीक तुषार लोकांच्या श्वासात जातात, म्हणून पाण्यात मोकळं क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम राखा आणि रोज पट्टीने तपासा. आणि आठवड्यातून एकदा पूर्ण हौद रिकामा करून घासून कोरडा करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. मूळ कागद किंवा कापड ज्या खोलीत आहे तिच्यापासून हे दालन बंद दाराने वेगळं हवं.

वास

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर. एकाच वासात दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की नाक तो नोंदवायचं थांबवतं. पहारेकऱ्याला मग वास येत नाही, तो यंत्र वाढवतो, आणि आत येणाऱ्या माणसाला खोकला सुरू होतो. म्हणून खोली भरून टाकणारा वास नकोच. माणसाने स्वतः झाकण उघडून घ्यायचा वास ठेवा.

सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत भरवशाची सोय: रुंद तोंडाची काचेची बरणी, आत जाळीखाली कापसाची गादी, वर लाकडी झाकण. १० मिलिलिटर गंधहीन माध्यमात सुगंधी द्रव्य फक्त एक-दोन टक्के, त्यातले आठ-दहा थेंब कापसावर. मोगऱ्याचा अर्क तीव्र ठेवला तर त्यातलं इंडोल नावाचं द्रव्य डोकं वर काढतं आणि लोकांना डांबराच्या गोळ्यांची आठवण होते. पातळ केला की तोच मोगरा. कापूस तीन दिवसांनी बदला. जुन्या कापसावर नवे थेंब टाकले की हवेने बिघडलेलं तेल आणि ताजं तेल मिसळून खवट वास येतो. बरण्यांमध्ये चार-पाच मीटर अंतर आणि एकूण पाचच वास.

यंत्र घ्यायचंच असेल तर कोरड्या सुगंधी मण्यांवरून पंख्याने हवा सोडणारं घ्या, बटण दाबल्यावर पाच सेकंद चालणारं. तेलाचं धुकं उडवणारी यंत्रं स्वस्त मिळतात, पण ते तेल काचेवर, फलकांवर आणि दोन खोल्या पलीकडच्या वस्तूंवर अदृश्य थर देतं. त्यावर धूळ बसली की निघत नाही. वासाची खोली बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याच्या बाजूला असावी, म्हणजे हवा इतर दालनांतून तिकडे जाईल, उलटी येणार नाही.

कोणते पाच? वाळा, मोगरा, केवडा, तिळाच्या तेलाच्या विझलेल्या समईचा वास, आणि ओला चुना. धूप जाळू नका: धूरशोधक वाजतात आणि काजळी बसते. जळक्या लाकडाचा वास १८२८ ची आग दाखवायला मोहात पाडतो, पण बंद दालनात कधीही सोडू नका. खरी आग लागली तर पहारेकऱ्यालाही तो प्रदर्शनाचाच भाग वाटेल. आगीसाठी वरून जाळून लाखेने बंद केलेला सागाचा वासा हाताला द्या, तेवढं पुरतं.

प्रवेशापाशीच सूचना लावा की आत सुगंध आहे, आणि दम्याच्या माणसाला ती खोली टाळून पुढे जाता येईल अशी वाट ठेवा. तिथला कर्मचारी दर दोन तासांनी बदला.

निरोपाच्या खोलीसाठी मात्र पुरावा पक्का आहे. दरबारातून पाहुण्याला निरोप दिला जाई तो अत्तर-गुलाब आणि विडा देऊन; ते हातात आलं की उठायचं. म्हणून बाहेर पडण्याच्या दारातच इच्छुकांच्या मनगटावर, कुणीतरी माणसाने, थेंबभर अत्तर लावावं. आधी विचारून, काहींच्या त्वचेला ते चालत नाही. विडा देऊ नका, भिंतींची चिंता असेल तर. खाद्यपदार्थ ठेवायचेच असतील तर दालनाबाहेर, अन्नसुरक्षेचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे.

बाग

खरी झाडं दालनात आणली की मातीतून किडे, आणि किड्यांमागून वाळवी-कसरीची भीती येते. बाग बाहेरच्या अंगणात करा. झाडं निवडताना एकच कसोटी: १८२८ पूर्वी ती पुण्यात असणं शक्य आहे का? गुलमोहर मादागास्करचा; शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णनच १८२० च्या दशकाच्या शेवटी केलं, म्हणजे पेशव्यांच्या बागेत तो बाद. आज वाड्यात दिसणारी हिरवळही नंतरची. जाई, जुई, मोगरा, सोनचाफा, केवडा, पारिजातक, तुळस ही मंडळी सुरक्षित, पण दर्जाच्या खुणेत ‘अनुमान’.

उद्घाटनाचा महिना बागेवरून ठरवा. मोगरा उन्हाळ्यात, जाई-जुई पावसाळ्यात, पारिजातक पावसाळ्याच्या उत्तरार्धात. शिवाय यातली बरीच फुलं संध्याकाळी उमलतात आणि संग्रहालय तेव्हा बंद होतं. आठवड्यातून एक दिवस रात्री आठपर्यंत उघडं ठेवा, नाहीतर बाग नुसती पानांची.

प्रकाश, गर्दी आणि रोजची निगा

मोडी कागद, वस्त्रं, जलरंग यांवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाशाचं माप) वर प्रकाश नको, तैलचित्रांवर २००. पुण्याच्या उन्हातून थेट ५० लक्समध्ये आलेल्या माणसाला सुरुवातीला काहीच दिसत नाही, म्हणून मधे हळूहळू मंद होत जाणारी, वळणाची वाट करा. दिवाणखान्यात समईसारखा पिवळसर प्रकाश खालून, बैठकीच्या उंचीवरून द्या. छतात बसवलेले विजेचे दिवे नकोत. प्रेक्षकांनाही गादीवर बसू द्या, कारण ती खोली बसलेल्या माणसासाठी बांधलेली होती आणि उभ्याने तिचे खांब बुटके वाटतात.

गर्दीचा हिशोब आधी मांडा. ४५ मुलांची सहल आणि एका बरणीला वीस सेकंद, म्हणजे एका वासाला पंधरा मिनिटं. त्याच वासाच्या तीन बरण्या ठेवल्या की पाच. हाच हिशोब चाव्या फिरवायच्या कारंजाला आणि ब्रेल प्रारूपाला लावा; अडकतं ते नेहमी याच तीन ठिकाणी.

दार उघडण्याच्या पाऊण तास आधीची फेरी ठरलेली असावी: क्लोरीनची पट्टी, तोट्यांच्या धारा, बरण्यांची तारीख, प्रत्येक स्पीकरचा आवाज मोबाईलच्या मापकाने, लोखंडी खिळ्यांची एखादी धार वर आली आहे का ते हात फिरवून, आणि मूळ वस्तूंच्या पेटीतली आर्द्रता. ती ४५ ते ५५ टक्क्यांत हवी. पावसाळ्यात ६५ च्या वर गेली तर पेटी उघडून हवा देऊ नका, आत सिलिका जेलची नवी पाकिटं ठेवा आणि आदल्या रात्री कारंजाच्या खोलीचं दार कुणी उघडं टाकलं होतं का ते विचारा.